दोन शहरं आणि भिंगबाई

आमच्या मजल्यावर जिन्याला लागून जी खोली आहे, तिथे राहणाऱ्या बाईला सगळे भिंगबाई म्हणतात. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. नंबरची काच चाकावर धरायची, फ्रेमच्या आकाराला आणायची, कडा गुळगुळीत करून बसवायची, हे तिचं काम. भिंगबाई हे नाव तिच्या पहिल्या मालकाने ठेवलं आणि नवऱ्याने त्यात भर घातली: भित्री भिंगबाई. भित्री भागूबाईची धाकटी बहीण, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

त्यात खोटं काही नव्हतं. गॅस बंद केलाय का हे बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत यायची. मुलगी शिंकली की न्यूमोनिया. फोन वाजला की कुणीतरी गेलं. गल्लीतला कुत्रा भुंकला की चोर आला, आणि नाही भुंकला तर चोराने त्याला आधीच विष घातलं. "तुझ्या डोक्यात भीतीचा कारखाना आहे, तिन्ही पाळ्या चालू," असं नवरा म्हणे.

मी जन्मभर इस्पितळात नर्स होते. घाबरणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत. तरी हिची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण हिच्या शंभर भीतींमध्ये एक खरी होती, आणि ती नेमकी कुठली हे तिचं तिलाच ओळखायचं होतं. सांगून कुणाला पटलं नसतं. रोज लांडगा आला म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं?

तेव्हा ती तिघं एका लहान गावात राहत होती. नवरा वर्तमानपत्राच्या छापखान्यात यंत्रावर होता. मुलगी जेमतेम चार वर्षांची. तिला टकळी म्हणत, कारण सकाळी डोळे उघडले की तिच्या तोंडाची टकळी जी सुरू व्हायची, ती झोपेतसुद्धा पुरती थांबायची नाही. मुंगीशी बोलायची, बादलीशी बोलायची, स्वतःच्या चपलांचं भांडण सोडवायची.

मग छापखाना बंद झाला. गावात दुसरा नव्हता. पोटापाण्यासाठी मोठ्या शहरात जाणं भागच होतं, आणि शहरं समोर दोन होती. एका शहरात नवऱ्याचा थोरला भाऊ राहत होता. त्याने शब्द टाकून खोकी छापणाऱ्या कारखान्यात जागा बघून ठेवली होती. राहायला त्याच्याच घराच्या मागच्या दोन खोल्या. दुसरं शहर म्हणजे हे आमचं, बंदराचं. इथे शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात नवऱ्याचा जुना मिस्त्री होता, आणि तो "ये, तुला घेतो" म्हणाला होता. एवढंच. मिस्त्री सोडला तर कुत्रंसुद्धा ओळखीचं नाही.

"यात विचार कसला करायचा?" गावातले सगळे म्हणाले. "तिथे आपलं माणूस आहे. परक्या शहरात पाय घसरला तर हात द्यायला कोण?"

भिंगबाईलाही तेच वाटत होतं. बंदराच्या शहराचं नुसतं नाव काढलं तरी तिच्या डोळ्यांपुढे गर्दी, गुंड आणि रोगराई उभी राहायची. तरी नवरा म्हणाला, दोन्हीकडे जाऊन बघून येऊ. आधी दादाकडे गेले.

शहर पाहून ती हरखलीच. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना एका उंचीची झाडं, पादचाऱ्यांसाठी थांबणाऱ्या मोटारी. दिरांचं घर तर आरशासारखं. जोडे एका रेषेत, टॉवेलांच्या घड्या काटकोनात. थोरले दीर सरकारी कचेरीत अधिकारी. बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. आवाज म्हणून कधी चढला नाही. टकळीसाठी त्यांनी खेळण्यातली आगगाडी आणून ठेवली होती.

"मागच्या खोल्या तुमच्याच," ते म्हणाले. "किल्ल्या मात्र माझ्याकडे असतात. घराला डोकं एकच असावं."

"बरोबर आहे, दादा," नवरा म्हणाला. भिंगबाईच्या लक्षात आलं, तो खुर्चीच्या अगदी काठावर बसला होता. आपल्या घरी हा माणूस खुर्चीत बसत नाही, सांडतो.

जाऊबाई दिसायला चांगल्या, हसतमुख. पण खिडकी उघडायची झाली तरी आधी नवऱ्याकडे बघायच्या. औषधाची बाटली वाचताना त्यांनी ती नाकाला टेकेल इतकी जवळ नेली, मग लांब धरली, मग अंदाजाने चमचा भरला. भिंगबाईचा तर धंदाच तो.

"ताई, तुम्हाला चष्मा लागलाय. चांगला बराच लागलाय. कधी तपासले का डोळे?"

"ह्यांना आवडत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "चष्म्याने बाई म्हातारी दिसते म्हणतात." आणि हसल्या. इतक्यात बाहेर कुलपात किल्ली फिरली आणि ते हसू कुणी पुसून घ्यावं तसं गेलं. हातातली बाटली जागेवर, पदार्थांवरची झाकणं जागेवर, जाऊबाई दाराशी.

दुसऱ्या दिवशीही तेच. किल्लीचा आवाज आला की घरातली हवाच बदलायची. ओरडणं नाही, आदळआपट नाही. जेवताना एखादा पदार्थ बिघडला तर दीर फक्त चमचा ताटात ठेवायचे आणि जाऊबाईंकडे बघत राहायचे. बघत राहायचे. मग म्हणायचे, "बरं." त्या एका शब्दाने भिंगबाईच्या अंगावर काटा यायचा. पण ती स्वतःलाच दटावायची: बये, तुला तर पालीची सावली दिसली तरी काटा येतो.

मग एक दुपार आली. रणरणतं ऊन होतं. जेवायला बसले तर जाऊबाई नाहीत.

"पडली आहे आत. डोकं दुखतंय," दीर म्हणाले आणि त्यांनी स्वतः सगळ्यांना वाढलं.

"मी बघून येऊ का? पाणी वगैरे…"

"झोपू दे." पुन्हा तोच हळू आवाज.

टकळी काही जेवेना. उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आईने ओढून आणलं, पुन्हा गेली. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची बाल्कनी होती आणि खिडकीची काच खडबडीत, पलीकडचं धड न दिसणारी. मग दिरांनीच टकळीला उचलून आणलं, ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे बघितलं आणि हातात आगगाडी दिली.

संध्याकाळी जाऊबाई दिसल्या. तोंड लालबुंद, ओठांना चिरा. ओट्याशी उभ्या राहून त्या घटाघटा पाणी प्यायल्या, तांब्याच तोंडाला लावून.

"ऊन लागलं का ताई तुम्हाला?"

"हो, जरा."

"पण तुम्ही तर आत पडला होतात ना?"

जाऊबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि त्या डब्याच्या तळातून खरवडून काढावं तसं हसू काढून हसल्या. "झोप लागली नाही, एवढंच," म्हणाल्या.

परतीच्या प्रवासात टकळी गप्प होती. गाडीतून गाई दिसल्या, पूल दिसला, एक माणूस शिडीवरून पडता पडता वाचला. तिने चकार शब्द काढला नाही. भिंगबाई सारखी तिच्या कपाळाला हात लावून बघत होती. ताप नव्हता.

"शहाणी झाली," नवरा म्हणाला. "दादाच्या घरची शिस्त लागली." पण तोही खिडकीबाहेरच बघत होता.

आता बंदराचं शहर. आमचं शहर काही पाहुण्यांसाठी नटून बसत नाही. उतरल्या उतरल्या मासळीचा वास, हमालांचा आरडाओरडा, चढ-उतारांचे रस्ते आणि बोळांत बोळ. नवरा मिस्त्रीला भेटायला छापखान्यात गेला. भिंगबाईने टकळीला घेतलं आणि मिस्त्रीने सुचवलेली खोली बघायला बसने निघाली. पत्ता तिने इतक्या जणांना विचारला की एकाने चिडून तिला विचारलं, "बाई, तुम्हाला जायचंय की नाही?"

थांबा आला. दाराशी रेटारेटी. तिने पिशवी खाली टाकली, एक पाय जमिनीवर, दुसरा पाय जमिनीवर, वळून टकळीला घ्यायला हात पुढे केला आणि दार फुस्स करून मिटलं. काचेपलीकडे टकळी. बस निघाली.

तिने मला हे सांगितलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, तरी सांगताना तिने टकळीला जवळ ओढून धरलं होतं. ती धावली. पिशवी तिथेच. ओरडत होती की नाही ते तिला आठवत नाही. चपला कुठे निसटल्या ते आठवत नाही. फक्त बसचं मागचं लाल दिव्याचं टोक आठवतं, आणि ते वळणावर दिसेनासं झालं तेव्हा आपल्या छातीतलं काहीतरी त्याच्याबरोबर गेलं, हे आठवतं. ज्या गोष्टीची ती जन्मभर वाट बघत होती, ती झाली होती.

पुढच्या थांब्यावर ती पोचली तेव्हा तिथल्या बाकावर एक जाडजूड बाई बसली होती, पायाशी कोबीने भरलेली टोपली. शेजारी टकळी. आणि टकळी बोलत होती! कोबीला किती कपडे असतात, आंघोळीच्या वेळी ते कोण काढतं, असलं काहीतरी. ती बाई आपली बस सोडून पोरीसाठी थांबली होती.

"ही घ्या तुमची आकाशवाणी," ती म्हणाली. "श्वास घेते की नाही हो ही मधे?"

भिंगबाईने पोरीला असं आवळलं की ती "आई, दुखतंय" म्हणून रडायला लागली. त्या बाईला धन्यवाद द्यायचे राहूनच गेले. आपल्या पोरीला किती दिवसांनी बोलताना ऐकतोय, हेसुद्धा तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. माणूस इतका घाबरला की समोरची चांगली गोष्ट त्याला दिसत नाही. खोली न बघताच ती परत फिरली आणि नवऱ्याला म्हणाली, "नको. हे शहर नको. माझी पोर गिळली असती ह्याने. दादांकडेच जाऊ."

नवऱ्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "तू म्हणशील तसं."

सामान बांधायला सुरुवात झाली. भांडी खोक्यात, कपडे गाठोड्यात. घरी आल्यावर टकळीची गाडी हळूहळू रुळावर आली होती. एका सकाळी आईबाप दोघं कपाट रिकामं करत होते आणि ती कोपऱ्यात बाहुल्यांशी घर-घर खेळत होती. एक कापडी बाहुली तिने रिकाम्या खोक्यात घातली, वर झाकण लावलं आणि झाकणावर बसली.

"अगं, तिला खोक्यात का कोंबलंस?" भिंगबाईने विचारलं.

"ही काकू आहे," टकळी म्हणाली. "हिने आमटी खारट केली. आता ही उन्हात राहणार. काका म्हणतील तेव्हा दार उघडायचं." मग तिने ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकू काच वाजवते. आपण बघायचं नाही. बघितलं तर आपल्याला पण ठेवतात."

भिंगबाईच्या हातातली चादर गळून पडली. ती खडबडीत काच. ते लाल तोंड. ते तांब्याने प्यायलेलं पाणी. तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. तिला वाटलं, आता हा हसेल, म्हणेल पोरीच्या डोक्यातसुद्धा तुझाच कारखाना सुरू झाला.

तो हसला नाही. पांढराफटक पडला होता. कपाटाच्या दाराला धरून तो खाली बसला.

"आमच्या घरी जिन्याखाली कोळशाची खोली होती," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा मी टकळीपेक्षा थोडाच मोठा. दादानेच मला वाढवलं. मारलं नाही कधी. आयुष्यात बोट लावलं नाही." त्याने कपाटाची कडी बोटाने वर-खाली केली. "नुसतं म्हणायचा, बरं. आणि मी आपला आपण उठून त्या खोलीत जाऊन बसायचो. कडी तो बाहेरून लावायचा."

"अहो, मग मला सांगितलं का नाही?"

"मला वाटायचं, शिस्त असते ती. सगळ्यांच्या घरी असते." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तू दादाकडेच जाऊ म्हणालीस ना, तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये. मला वाटलं, मी तुझ्यासारखा भित्रा झालो."

भिंगबाई त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. टकळीने खोक्याचं झाकण काढलं आणि बाहुलीला बाहेर घेऊन पाणी पाजलं. तिघांपैकी शहाणपणाचं काम तिने एकटीने केलं.

मिस्त्रीला कळवून तीच खोली पक्की केली, आणि त्याच्याच ओळखीने भिंगबाईला तिथल्या चष्म्याच्या दुकानात कामही मिळालं. थोरल्या भावाला फोन करायचं तेवढं राहिलं. नवऱ्याने ते चार वेळा पुढे ढकललं आणि शेवटी केला तेव्हा फोन धरलेला हात दुसऱ्या हाताने धरला होता.

"आम्ही तिकडे येत नाही, दादा. बंदराच्या शहराचं ठरवलंय."

"बायकोच्या भित्रेपणापायी घरचा आधार लाथाडतोयस," पलीकडून हळू आवाज आला. "बरं."

भिंगबाईने फोन घेतला. "भावजी, ताईंशी जरा बोलू का?" पलीकडे जाऊबाई आल्या, पण दीर शेजारीच उभे आहेत हे श्वासावरून कळत होतं. काही विचारायची सोय नव्हती. मग भिंगबाईने जी बडबड सुरू केली, ती टकळीच्या वरताण. खोली कशी आहे, बाजार कुठे आहे, आणि "ताई, मला चष्म्याच्या दुकानात काम मिळतंय बरं का. घड्याळाच्या मनोऱ्याच्या थांब्यावर उतरलं की समोरच हिरव्या पाटीचं दुकान. आमची खोली त्याच्याच मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. कधीही या हं डोळे तपासायला. कधीही. वेळ विचारायची नाही, फोन करायचा नाही, सरळ यायचं."



"हो," जाऊबाई म्हणाल्या. "मला हल्ली जवळचं दिसत नाही." आणि फोन ठेवला गेला. दिरांना ती बायकांची रिकामी बडबड वाटली असावी.

अशी ती तिघं आमच्या मजल्यावर आली. आल्यावर सगळं गोड झालं असं समजू नका. पहिल्या महिन्यातच टकळीला कांजिण्या आल्या, नळाला पाणी येईना आणि वरच्या मजल्यावरच्या ट्रकचालकाचा धिप्पाड देह जिन्यात बघून भिंगबाई परत वर पळायची. बसमध्ये चढताना ती पोरीचा हात असा पकडायची की मनगटावर वळ उठत. माझ्या दारावर तिची थाप पडायची. "नर्सबाई, हा पुरळ साधा आहे ना? नर्सबाई, जिन्यात कोण उभं आहे?" मी वैतागून एकदा म्हटलं, "अगं, यम आला तरी आधी मलाच विचारायला पाठवशील!" तर ती चेहरा पाडून म्हणाली, "तुम्ही ओळखाल ना पण त्याला, म्हणून."

आणि रोज दुकानातून येताना ती थांब्याकडे बघायची. बसमधून उतरणाऱ्या एकूणएक बाईचा चेहरा. त्या घरात अजून काय चाललं असेल, आपल्या फोनमुळेच ताईंना काही भोगावं लागलं नसेल ना, हे तिला कुरतडायचं. आपण वाचलो आणि एका बाईला मागे ठेवून आलो, ह्या एका गोष्टीवर तिला कुणाची थट्टा चालायची नाही. नवरा दोनदा एकटाच तिकडे जाऊन आला. दोन्ही वेळा दादाने दारातच चहा पाजून परत पाठवलं. वहिनी माहेरी गेल्यात, म्हणाला.

जाऊबाई आल्या, त्या दिवशी पाऊस नव्हता, वादळ नव्हतं, काही नव्हतं. भाजी आणायला बाहेर पडल्या आणि भाजीची पिशवी घेऊन सरळ गाडीत बसल्या. दुकानाच्या काउंटरसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डोळे तपासायचे होते." भिंगबाईने चाक बंद केलं. काच तिच्या हातात तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी दीर आले.

दुपारची वेळ. नवरा छापखान्यात. दुकानाला सुट्टी होती म्हणून भिंगबाई घरी. दारावर टकटक झाली, अगदी हळू, पाहुण्याने वाजवावी तशी. ती टकटक ऐकून जाऊबाई उभ्या जागी खाली बसल्या आणि टकळी त्यांच्या मागे जाऊन लपली. भिंगबाईने साखळी लावून दार बोटभर उघडलं.

"उघड," दीर म्हणाले. "माझं माणूस न्यायला आलोय."

"भावजी, ताई येणार नाहीत."

"ते ती सांगेल. आणि तू कशाला मधे पडतेस? तुला तर कशाचीही भीती वाटते, सगळ्या घराला ठाऊक आहे."

"वाटते," भिंगबाई म्हणाली. भिंत पातळ असल्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि तिचे दात वाजत होते तेसुद्धा. "आत्ताही वाटतेय. पाय लटलट कापतायत माझे. पण दार नाही उघडणार."

"बरं," दीर म्हणाले, आणि त्यांनी दारावर तळहात ठेवला. ढकललं नाही. नुसता ठेवला. साखळी ताणल्याचा आवाज आला.

मी माझं दार उघडलं. हातात सांडशी होती, ती तशीच. "कोण हवंय आपल्याला?"

"घरगुती बाब आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"जिन्यात उभं राहून बोललं की ती घरगुती राहत नाही," मी म्हटलं. तोवर वरचा ट्रकचालक कठड्यावरून वाकला होता आणि समोरची शिवणकाम करणारी बाई तोंडातल्या टाचण्या काढत दारात आली होती. सगळे फक्त बघत होते. त्या माणसाला दुसऱ्यांनी आपल्याकडे बघण्याची सवय नव्हती.

आतून आवाज आला. इतका बारीक की पहिल्यांदा कुणालाच कळला नाही.

"काय?" दीर म्हणाले.

"मी येणार नाही," जाऊबाई पुन्हा म्हणाल्या.

त्यांनी तळहात काढला, शर्टाची बाही सारखी केली आणि ते जिना उतरून गेले. पायऱ्या नीट, एकेक. मग बराच वेळ ते समोरच्या फुटपाथवर उभे राहून आमच्या खिडक्यांकडे बघत होते, आणि ते गेल्यावरही कितीतरी दिवस आम्ही पडदा सरकवून आधी तो फुटपाथ बघायचो. भिंगबाईच काय, मीसुद्धा. नवरा संध्याकाळी आला, सगळं ऐकलं, तोंड धुवायला म्हणून मोरीत गेला आणि लवकर बाहेर आला नाही. नळ मात्र वाहत होता.

दीर पुन्हा आले नाहीत. निरोप आले, नातेवाइकांचे फोन आले, घराण्याच्या अब्रूचं बरंच काही बोललं गेलं. त्या शहरातले रुंद रस्ते भिंगबाईने परत पाहिले नाहीत. आमचं शहर तिला अजूनही आवडत नाही. इथल्या बसला ती शिव्या घालते.

जाऊबाई सुरुवातीला पाणी प्यायलासुद्धा विचारायच्या. "पिऊ का?" असं. भिंगबाई दर वेळी "प्या ना ताई" म्हणायची, मग एकदा टकळीच वैतागून म्हणाली, "काकू, नाही म्हणायला आपल्या पाण्याला तोंड आहे का?" त्यानंतर कमी झालं. हळूहळू त्या शिवणवाल्या बाईकडे बटणं टाचायला जाऊ लागल्या.

गेल्या रविवारी त्या एकट्या साबण आणायला म्हणून गेल्या. कोपऱ्यावर दुकान, पाच मिनिटांची वाट. ऊन उतरलं, दिवे लागायची वेळ झाली, तरी पत्ता नाही. भिंगबाईने माझं दार बडवलं. आम्ही दोघी खाली जाऊन उभ्या राहिलो. तिचा रंग उडालेला, ओठ पुटपुटतायत. तो फुटपाथ रिकामा होता. नवरा एका दिशेला धावला, ट्रकचालक दुसऱ्या दिशेला. आणि तेवढ्यात जाऊबाई चढावरून सावकाश येताना दिसल्या, हातात साबण, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"ताई! होतात कुठे तुम्ही?" भिंगबाई ओरडली. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "जीव जायची वेळ आली आमची! सांगून तरी जायचं!"

"धक्क्यावर गेले होते," जाऊबाई म्हणाल्या. "बोटी बघत बसले. कुणी ऊठ म्हणालं नाही, म्हणून बसून राहिले."

रस्त्यातच भिंगबाईला रडू फुटलं. जाऊबाईंनी तिला धरून जिना चढवला.